वापरायचं सगळ्यांनी, बदलायचं कोणी?

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट आहे. मी तेव्हा एका कंपनीच्या संगणक विभागात नोकरीला होतो. महिनाअखेरीची रात्र होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पगाराच्या याद्या बँकेत जायच्या होत्या. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेली युनिक्स यंत्रं होती. पगाराचा प्रोग्रॅम आजवर जुन्या यंत्रावर चालायचा, त्या महिन्यापासून तो नव्यावर न्यायचा होता. सगळी जुळवाजुळव झाली होती. शेवटची एक फाइल चाचणीच्या यंत्रावरून एफटीपीने पाठवली, प्रोग्रॅम सुरू केला, आणि पडद्यावर एकच ओळ उमटली : परवानगी नाही.

फाइल जागेवर होती. तिचा आकार शेवटच्या अक्षरापर्यंत जुळत होता. हीच कामं मी जुन्या यंत्रावर वर्षभर अशाच पद्धतीने केली होती, तेव्हा कधी कुरकुर झाली नव्हती. रात्रीचे दोन वाजले, चहाचा चौथा कप संपला आणि माझा धीरही संपला. मग मी ते केलं, जे अशा वेळी जगभरातले लोक करतात. त्या फाइलीवर ‘७७७’ अशी आज्ञा चालवली. म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा, कोणीही चालवा. प्रोग्रॅम मुकाट्याने सुरू झाला. सकाळी याद्या बँकेत गेल्या आणि मला शाबासकी मिळाली.

आठ महिन्यांनी आमचे एक वरिष्ठ सहकारी यंत्राची तपासणी करत होते. त्यांनी मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, “अहो, किल्ली सापडत नव्हती म्हणून तुम्ही दारच काढून ठेवलंत की काय?” तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पगाराचा हिशेब ज्या फाइलीत होत होता, ती फाइल आठ महिने त्या यंत्रावर खातं असलेल्या कोणालाही बदलता येत होती. कोणी बदलली नाही, हे आमचं नशीब. पण त्या दिवशी मला जी धास्ती बसली, तिच्यामुळे मी या विषयाच्या मागे लागलो. एकाच फाइलीला एक यंत्र बिनतक्रार आत घेतं आणि दुसरं दारातच अडवतं, हे का? याचं उत्तर शोधत गेलो, तर एक सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहासच उलगडत गेला. आज तो थोडक्यात सांगायचा आहे.

सुरुवात करू या इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून. तिथे मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्रॅम चालवला. थोड्याच दिवसांत या मंडळींच्या लक्षात आलं, की प्रत्येक जण तीच तीच गणितं पुन्हा पुन्हा लिहितो आहे. वर्गमूळ काढा, आकडे छापा, भागाकार करा. मग विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी अशा नेहमीच्या कामांचे तयार तुकडे लिहून ठेवले. या तुकड्यांच्या संग्रहाला त्यांनी नाव दिलं लायब्ररी. आणि ती खरोखरच कपाटातली लायब्ररी होती. छिद्रं पाडलेल्या कागदी फितींच्या गुंडाळ्या एका कपाटात क्रमवार ठेवलेल्या असत. ज्याला जो तुकडा हवा त्याने ती फीत काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची आणि मूळ फीत परत कपाटात ठेवायची.

यात परवानगीचा प्रश्न फारसा येतच नव्हता, हे लक्षात घ्या. प्रत्येकाकडे आपापली नक्कल. तुम्ही तुमच्या फितीचं काहीही करा, शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. ही सोय पुढची कित्येक वर्षं अशीच चालली. फिती जाऊन चकत्या आल्या, पण नक्कल उतरवून घेण्याची रीत राहिली. तिचा तोटा एकच. शंभर प्रोग्रॅमांत त्याच तुकड्याच्या शंभर नकला. जागा खाल्ली जाते, आणि मूळ तुकड्यात चूक सापडली तर ती शंभर ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

मग कोणाच्या तरी मनात येणारच, की नकला कशाला? मूळ प्रत एकच ठेवू आणि सगळे प्रोग्रॅम चालता चालता तिच्याकडून काम करून घेतील. हीच ती सामायिक लायब्ररी, म्हणजे शेअर्ड लायब्ररी. गावात घरोघरी आड खणण्याऐवजी एक मोठी विहीर बांधावी, तशी ही कल्पना. पण सामायिक विहीर झाली की दोन प्रश्न लगेच उभे राहतात. पाणी कोणी भरायचं? आणि विहिरीत उतरून गाळ काढायचा अधिकार कोणाचा? पाणी भरणं सगळ्यांचं, पण विहिरीत काय पडतं आहे यावर कोणाची तरी नजर हवी. कारण आता एकाने घाण केली तर ती साऱ्या गावाच्या पोटात जाते.

हा विचार मुळापासून केला तो मल्टिक्स या प्रकल्पाने. अमेरिकेतली एमआयटी ही संस्था, जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी आणि बेल लॅबोरेटरीज यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर तो हाती घेतला. वीज किंवा टेलिफोन जसा घरोघरी पुरवला जातो, तशी संगणकाची शक्ती अनेकांना एकाच यंत्रावरून पुरवायची, असं त्यांचं स्वप्न होतं. मल्टिक्समध्ये प्रोग्रॅमचे तुकडे ऐन गरजेच्या क्षणी एकमेकांना जोडले जात. आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक यादी असे, की कोणी तो वाचायचा, कोणी चालवायचा आणि कोणी त्यात लिहायचं. म्हणजे सामायिक वापर आणि परवानगी या दोन गोष्टी तिथे जुळ्या भावंडांसारख्या एकत्र जन्मल्या. पण प्रकल्प अवजड होत गेला, काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीज त्यातून बाहेर पडली.

तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग आपल्यापुरती एक आटोपशीर कार्यप्रणाली उभी केली. तीच युनिक्स. तिच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. मल्टिक्सच्या लांबलचक याद्या यांनी टाकून दिल्या. फाइलीच्या मालकाने वाचावं का, लिहावं का, इतरांनी वाचावं का, लिहावं का, एवढ्या मोजक्या खुणा. शिवाय ‘ही फाइल चालवता येते’ अशी एकच खूण. पुढे मालक, त्याचा गट आणि बाकीचे, असे तीन वर्ग झाले आणि प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं असे तीन चौकोन मिळाले. वाचण्याचे चार गुण, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. तिन्ही मिळून सात. माझ्या त्या ‘७७७’चं मूळ इथे आहे. तिन्ही वर्गांना पैकीच्या पैकी.

रिचींनी आणखी एक युक्ती काढली. साध्या वापरकर्त्याला आपला पासवर्ड बदलता यायला हवा, पण पासवर्डची फाइल तर व्यवस्थापकाच्या मालकीची. मग काही निवडक प्रोग्रॅमांवर अशी खूण करायची, की ते चालवणारा कोणीही असो, चालताना त्यांच्या अंगी मालकाचे अधिकार यावेत. सेट-यूआयडी नावाच्या या युक्तीचं पेटंट रिचींच्या नावे जानेवारी १९७९ मध्ये मंजूर झालं. ही खूण ध्यानात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

पण युनिक्सने मल्टिक्सकडून एक गोष्ट तेव्हा घेतलीच नाही. ती म्हणजे सामायिक लायब्ररी. युनिक्सची पहिली पंधराएक वर्षं नकला उतरवून घेण्याच्या जुन्या रीतीवरच गेली. प्रोग्रॅम लहान होते, चालून जायचं. मग ऐंशीच्या दशकात पडद्यावर खिडक्या आल्या, चित्रं आली आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात तीच तीच अवजड लायब्ररी बसू लागली. तेव्हा कुठे युनिक्स विकणाऱ्या कंपन्यांना सामायिक लायब्ररीची निकड भासली. सन कंपनीच्या अभियंत्यांनी १९८७ मध्ये आपली रचना एका निबंधात मांडली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सनओएसच्या चौथ्या आवृत्तीत ती ग्राहकांच्या हाती आली. बाकीच्या कंपन्याही आपापल्या वाटेने तिथे पोहोचल्या.

इथेच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. परवानगीचे नऊ चौकोन ठरले तेव्हा युनिक्समध्ये सामायिक लायब्ररी नव्हतीच. ती मागाहून आलेली पाहुणी. आता तिला कोणत्या चौकोनात बसवायचं? लायब्ररी स्वतः होऊन चालत नाही, दुसरा प्रोग्रॅम तिला आपल्याजवळ ओढून घेतो. तेव्हा ती ‘वाचली’ गेली म्हणायचं? की तिच्यातल्या आज्ञा प्रत्यक्ष चालतात, म्हणून ती ‘चालवली’ गेली म्हणायचं? दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा हा प्रश्न. आणि प्रत्येक कंपनीने त्याचा निकाल आपल्या मनाने लावला.

ह्युलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्सने ठरवलं, की लायब्ररीला वाचण्याची आणि चालवण्याची, दोन्ही परवानग्या हव्यात. आयबीएमच्या एआयएक्सचा न्याय निराळा. तिथे फाइल ‘बाकीच्यांना’ वाचता येत असेल तर ती सर्वांच्या सामायिक स्मृतीत जाते. तशी परवानगी नसेल तर ज्याला अधिकार आहे त्याच्यासाठी वेगळी खासगी प्रत घेतली जाते. म्हणजे नाव सामायिक, पण एक चौकोन रिकामा राहिला की वाटून घेणंच बंद. शिवाय एकदा सामायिक स्मृतीत गेलेली लायब्ररी वापरणारे सारे निघून गेले तरी तिथेच बसून राहते, आणि तिच्या जागी नवी ठेवायला गेलं की यंत्र म्हणतं, फाइल वापरात आहे. तिला बाहेर काढायला व्यवस्थापकाला खास आज्ञा द्यावी लागते.

लिनक्सने आणखी सैल धोरण घेतलं. वाचता येते ना, मग पुरे. पण लिनक्सच्या घरातही एकमत नाही. डेबियन या परिवाराचा लेखी नियम असा, की लायब्ररीवर ‘चालवण्याची’ खूण करू नये. जोडणी करणाऱ्या यंत्रणेला तिची गरज नाही आणि कोणी ती फाइल थेट चालवली तर बहुधा ती कोसळतेच. उलट रेड हॅटच्या परिवारात ही खूण असावी अशी वहिवाट, कारण तिथली पॅकेज बांधणारी साधनं त्या खुणेवरून फाइल ओळखतात. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडांचे दोन कुळाचार म्हणा ना!

आता माझ्या त्या रात्रीचा उलगडा होतो. एफटीपीने फाइल पाठवली की आतला मजकूर जातो, परवानगीच्या खुणा जात नाहीत. पलीकडे नवी फाइल तयार होते आणि तिला साधा कागद समजून ‘चालवण्याची’ खूण दिली जात नाही. आमचं जुनं यंत्र सैल मताचं होतं, त्याला फरक पडत नव्हता. नवं यंत्र कडक पंथाचं निघालं. मला द्यायला हवा होता फक्त ‘चालवण्या’चा एक गुण, म्हणजे ७५५. मी देऊन बसलो ७७७. फरक दोन अंकांचा, पण त्यातच ‘बदलण्याचा’ अधिकार दडलेला होता.

युनिक्समध्ये परवानगी आधी आली, सामायिक लायब्ररी मागाहून. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये नेमकं उलटं झालं. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासूनच तिचं बरंचसं अंग सामायिक लायब्ररीच्या पद्धतीने बांधलेलं होतं. याच फाइलींना आपण डीएलएल म्हणतो. त्या काळातल्या तुटपुंज्या स्मृतीत खिडक्यांचा संसार बसवायचा तर दुसरा इलाजही नव्हता. पण ही विंडोज उभी होती डॉसच्या पायावर, आणि डॉसच्या फाइलींना मालक ही कल्पनाच ठाऊक नव्हती. एक घर, एक संगणक, एक माणूस. ‘फक्त वाचा’ अशी खूण असे, पण ती कोणीही पुसू शके. म्हणजे विहीर बांधली गावासाठी, आणि कठडा बांधायचा राहिला.

त्याचे परिणाम नव्वदच्या दशकात घरोघर भोगावे लागले. नवा खेळ किंवा नवा हिशेबाचा प्रोग्रॅम घातला, की त्याने आपल्याबरोबर आणलेली डीएलएल विंडोजच्या सामायिक फोल्डरमध्ये ओतायची. तिथल्या त्याच नावाच्या फाइलीवर ती बसायची, मग ती जुनी असो की नवी. नवा प्रोग्रॅम झकास चालायचा आणि कालपर्यंत चालणारा दुसराच कुठला तरी बंद पडायचा. दुरुस्त करणाऱ्याला कळायचं नाही, की मोडलं काय आणि मोडलं कोणी. जगभरच्या तंत्रज्ञांनी वैतागून या अवस्थेला ‘डीएलएल हेल’, म्हणजे डीएलएलचा नरक, असं नावच ठेवलं.

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी आणली, तिच्यात मात्र मल्टिक्सच्या वळणाच्या सविस्तर परवानगी-याद्या होत्या. पण घरोघरचे लोक बरीच वर्षं जुन्या विंडोजवरच राहिले. आणि एनटी वापरणारेही बहुतेक वेळा व्यवस्थापकाचे सर्वाधिकार घेऊनच बसत, कारण जुने प्रोग्रॅम त्याशिवाय चालत नसत. कठडा बांधला, पण प्रत्येकाच्या हाती त्याच्या दाराची किल्ली! अखेर २००० सालच्या विंडोजमध्ये एक पहारेकरी बसवला गेला. महत्त्वाची सामायिक फाइल कोणी बदलली, की तो मूळ प्रत परत आणून ठेवी. पुढे व्हिस्टा या आवृत्तीत तर या फाइलींची मालकीच व्यवस्थापकाकडून काढून एका खास अंतर्गत सेवेकडे देण्यात आली.

दोन जगांचे स्वभाव असे वेगळे असल्यामुळे सीमेवर अडचणी येणारच. विंडोजमध्ये वापरात असलेली डीएलएल बदलता येत नाही, म्हणून ‘संगणक पुन्हा सुरू करा’ हा आपल्या ओळखीचा निरोप येतो. युनिक्समध्ये जुन्या फाइलीचं नाव काढून नवी ठेवता येते, आणि जे प्रोग्रॅम जुनी वापरत असतात ते ती संपेपर्यंत वापरत राहतात. पण तिथेच कोणी नवी न ठेवता जुन्याच फाइलीवर गिरवलं, तर चालते प्रोग्रॅम धडाधड कोसळतात. जुन्या पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर तर लिनक्सच्या परवानग्या मावतच नाहीत, तिथून परत आलेल्या फाइली आपली ओळख विसरून येतात. विंडोजमध्ये एखादी डीएलएल खासगी फोल्डरमधून त्याच डिस्कवर दुसरीकडे हलवली, तर ती जुनी बंधनं बरोबर घेऊन जाते. तिची नक्कल केली, तर नव्या जागेचे नियम तिला लागतात. आणि युनिक्सवर व्यवस्थापकाने आपल्या कडक सवयींनिशी लायब्ररी बसवली, तर ती त्याला एकट्यालाच वाचता येते. मग तो म्हणतो, “माझ्याकडे चालतंय!” आणि बाकी सारे कपाळाला हात लावतात.

आतापर्यंत आपण अडचणींबद्दल बोललो. पण या प्रश्नाची दुसरी बाजू धोक्याची आहे. सामायिक लायब्ररी वापरताना प्रोग्रॅम फक्त नाव पुकारतो. त्या नावाची फाइल कुठे शोधायची, याचा क्रम ठरलेला असतो. युनिक्समध्ये हा क्रम वापरकर्त्याला बदलता येतो, ती चाचणीसाठी ठेवलेली सोय आहे. मग सेट-यूआयडीच्या प्रोग्रॅमला, म्हणजे मालकाचे अधिकार अंगी घेऊन चालणाऱ्याला, कोणी असा चकवा देऊन खोटी लायब्ररी भरवली तर? हे ओळखून तशा प्रोग्रॅमांपुरती ती सोय बंद ठेवलेली होती. चालवणारा एक आणि अधिकार दुसऱ्याचे असं दिसलं, की यंत्रणा सावध होई.

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने इशारा दिला, की या पहाऱ्याला बगल देणारी वाट सापडली आहे. दूरच्या संगणकावर जाण्यासाठी तेव्हा टेलनेट वापरत. पलीकडे येणाऱ्याची ओळख विचारणारा प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच, पाहुण्याने सांगितलेल्या काही सूचना टेलनेट त्याच्या कानात सांगून ठेवी. त्यांत ‘लायब्ररी इथे शोध’ हीही सूचना देता येत होती. आणि तो प्रोग्रॅम व्यवस्थापकाच्याच सेवेने सुरू केलेला असल्यामुळे चालवणारा आणि अधिकार यांत तफावत दिसत नव्हती. पहारेकरी गप्प राहिला. आपली लायब्ररी त्या यंत्रावर कशीही ठेवता आली, की पासवर्ड न देता सर्वाधिकार हाती! परवानगीचा एकही चौकोन चुकला नव्हता. चूक होती ती भलत्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यात.

विंडोजमध्येही हेच निराळ्या वेषात घडलं. डीएलएल शोधताना चालू फोल्डर पूर्वी विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांआधी पाहिला जाई. २००४ मधल्या एक्सपीच्या सुधारणेत तो मागे ढकलला गेला. तरीही ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला इशारा काढावा लागला. अनेक प्रोग्रॅम अशा डीएलएल मागत होते, ज्या कुठेच नव्हत्या. मग नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये साध्या दस्तऐवजाशेजारी त्या नावाची फाइल ठेवली, की दस्तऐवज उघडणाऱ्याच्या यंत्रात ती शिरायची.

त्याच वर्षी स्टक्सनेट उघडकीला आला. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवण्यासाठी रचलेला हा प्रोग्रॅम. कारखान्यातल्या नियंत्रकांशी बोलणाऱ्या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एक डीएलएल होती. स्टक्सनेटने तिचं नाव किंचित बदलून तिला बाजूला सारलं आणि तिच्या जागी, तिच्याच नावाने, स्वतःची बसवली. अभियंत्याने नियंत्रकातल्या आज्ञा पाहायला मागितल्या, की ही तोतया लायब्ररी त्यातल्या घुसवलेल्या आज्ञा लपवून बाकीच्या दाखवी. अभियंत्याचा ज्या खिडकीवर विश्वास, तिची काचच बदललेली होती.

म्हणून अलीकडे पहारा आणखी कडक होत गेला. ॲपलने २०१५ मध्ये आपल्या संगणकांवरच्या मूळ लायब्ररी सर्वाधिकारी व्यवस्थापकालाही बदलता येणार नाहीत अशी तजवीज केली. २०२० पासून तर त्यातल्या बहुतेक डिस्कवर सुट्या फाइलींच्या रूपात दिसतच नाहीत, साऱ्या एका गठ्ठ्यात बांधलेल्या असतात. लिनक्सवर एखादी डिस्क ‘इथून काहीही चालवायचं नाही’ अशा अटीवर जोडली, तर तिच्यावरची लायब्ररीही आता जोडता येत नाही. पूर्वीचा सैलपणा तिथेही आवळला गेला आहे.

पण कितीही कुलपं लावली तरी शेवटचा प्रश्न माणसापाशीच येतो. मार्च २०२४ मधली घटना घ्या. फाइली दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची लायब्ररी लिनक्सच्या अनेक परिवारांत वापरली जाते. तिच्या नव्या आवृत्त्यांत, तिचं काम पाहणाऱ्यांपैकीच एकाने चोरदरवाजा ठेवला होता. टोपणनावाने वावरणाऱ्या या व्यक्तीने दोनेक वर्षं निमूटपणे चांगलं काम करून विश्वास संपादन केला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं. त्याने ती गोष्ट सोडून दिली नाही, माग काढत गेला आणि २९ मार्च रोजी त्याने जगाला सावध केलं. त्या लायब्ररीच्या परवानगीच्या खुणा बघितल्या असत्या तर त्या अगदी बिनचूक होत्या. विहिरीत विष टाकणारा बाहेरून कठडा ओलांडून आलेला नव्हता, गाळ काढायला नेमलेल्यांपैकीच तो एक होता.

या साऱ्या इतिहासातून मी माझ्यापुरता एक नियम काढला. ‘परवानगी नाही’ असं यंत्र म्हणालं, की चिडायचं नाही. त्याला विचारायचं, नेमकी कोणती परवानगी? वाचण्याची, चालवण्याची की बदलण्याची? फाइलीची, की ती ज्या फोल्डरात आहे त्याची? आणि जेवढी अडली आहे तेवढीच द्यायची. सामायिक गोष्ट वापरण्याचा अधिकार सगळ्यांना द्यावा, त्यात काही वावगं नाही. पण बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती दिला, त्यांची नावं आपल्याला माहीत हवीत, आणि त्यांच्याकडे अधूनमधून लक्षही हवं.

त्या वरिष्ठांनी त्या दिवशी माझ्यासमोर बसून सातशे सत्त्याहत्तरचे सातशे पंचावन्न करवून घेतले. दोन मिनिटांचं काम होतं. जाताना ते एवढंच म्हणाले, “पगार झाला हे चांगलं झालं. पण ज्या रात्री घाई असते ना, त्या रात्री केलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघत जा.” मी अजून बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)